दोन कप्प्यांचं भांडं

१२ मे
उद्या वूशीच्या शाळेची अभ्यास-सहल चेंगडूत येतेय. गाइड मीच, मागून घेतली ड्यूटी. त्यात माझी लेक आहे, रुओनिंग. घटस्फोटानंतर आईकडे वूशीलाच असते. तिची आई फोनवर म्हणाली, पोर तयार असेल तर उन्हाळ्याची सुट्टी तुझ्याकडे काढू दे, तूच विचार. विचारायचं काय त्यात? रक्त आमच्या तिखटखाऊ सिचुआनचं आहे. खोली रंगवायची. सिगारेट उद्यापासून बंद.

१३ मे
स्टेशनवर भेटली. मला ‘तुम्ही’ म्हणाली. संस्कार चांगले आहेत.
सिगारेट एकच.

१३ मे, संध्याकाळ
सगळ्यांना हॉटपॉटला नेलं, टेबलावरच्या उकळत्या रश्शात शिजवत खायचं. त्यांच्या शिक्षिका तान बाई म्हणाल्या, आमची पोरं गोड खाणारी, दोन कप्प्यांचं भांडं सांगा, अर्धं लाल तिखट, अर्धं पांढरं बिनतिखट. छे! ओळखीच्या हॉटेलात मी पांढरा रस्सा मागवू? नाक कापलं जाईल. सगळ्यांना लालच, ‘कमी तिखट’ सांगितलं. आमच्या आचाऱ्याचं ‘कमी’ म्हणजे परगावच्यांचं जहाल, पण सवय कधीतरी लागायलाच हवी. पोरांनी दोन घासांत जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. रुओनिंग मात्र शेवटपर्यंत जेवली. डोळ्यांतून पाणी, पण तक्रार नाही. तान बाईंना म्हटलं, बघा, बापाची जीभ. त्यांनी पोरांसाठी पाणी मागवलं. उद्या पांडा-केंद्रात, पांडांसमोर सुट्टीचं विचारतो.

१४ मे
पोरांची पोटं बिघडली. पाणी बदललं की होतं असं. निघायला दुपार झाली. ऊन चढलं की पांडा आत जाऊन झोपतात. बाहेरच्या आवारात फक्त बांबूची सालं. पोरांना म्हटलं, सालांचाही अभ्यास होतो. वह्या कुणी काढल्या नाहीत. रुओनिंग दवाखान्यात, सलाइनवर. जाणार होतो, पण ग्रुप सोडून कसा जाणार? पांडाच्या पाटीचा फोटो पाठवला. उत्तर नाही. झोपली असेल.

१५ मे
प्लॅटफॉर्मवर विचारलं.
म्हणाली, “बाबा, मला तिखट सोसत नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून खाल्लं. पण दोन महिने रोज नाही जमायचं मला.”
बाबा म्हणाली. गाडी गेली. काहीच वाटलं नाही.
त्याच हॉटेलात गेलो. दोन कप्प्यांचं भांडं मागवलं. मालकाने विचारलं, पाहुणे आहेत का? म्हटलं, नाही.
पांढरा रस्सा पहिल्यांदाच चाखला. वाईट नव्हता.