पश्चिमेची भिंत वाजवून पाहावी

मी, पूर्वी विजयकुमार दिघे, वय पस्तीस, व्यवसाय संशोधन, मूळ राहणार पुणे, सध्या राहणार त्सुकुबा, जपान, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. दबाव आणण्याचे प्रयत्न झाले. त्यांची नोंद कलम ३ मध्ये आहे.

कारण असे. ४ जुलै २०२३ रोजी माझ्या हृदयाच्या एका झडपेवर शस्त्रक्रिया आहे. घराच्या बाहेरच्या भिंतींचे काम १० जुलैला संपायचे आहे. मधल्या सहा दिवसांची व्यवस्था लावणे आवश्यक आहे. डॉक्टरांच्या मते धोका शंभरात एक इतका आहे. शंभर नमुन्यांतला एक तुटतो, हे वाक्य मी अहवालांत अनेकदा लिहिले आहे. नमुन्याच्या बाजूने ते प्रथमच वाचत आहे.

इथल्या मालमत्तेसाठी मी वेगळा जपानी कागद इथल्या पद्धतीने स्वहस्ते लिहून, शिक्का मारून ठेवला आहे. त्याला साक्षीदार लागत नाहीत. हा मराठी कागद पुण्यातल्या ठेवींसाठी आणि घरच्यांना सगळे एका जागी वाचता यावे म्हणून आहे. याला दोन साक्षीदार लागतात.

कलम १. घर.
त्सुकुबातले माझे दुमजली लाकडी घर माझा धाकटा भाऊ अद्वैत याला मिळावे. १९९८ सालचे हे घर मी २०१६ मध्ये नव्वद लाख येनला घेतले. ती सगळी किंमत जमिनीची होती. जुन्या घराची किंमत इथे शून्य धरतात. अद्वैत ते विकेल. विकावे, माझी हरकत नाही. मात्र चारही भिंती पूर्ण होऊन परांची उतरल्याशिवाय घराचा ताबा त्याला मिळणार नाही. उघड्या भिंतीचे घर मी कोणाला देत नाही.

कलम २. भिंत.
लाकडी सांगाड्यावर बाहेरून सिमेंटच्या फळ्या बसवलेल्या असतात. त्यांना इथे साइडिंग म्हणतात. फळ्यांमधल्या सांध्यांत रबरासारखे सीलंट भरतात. २०११ च्या भूकंपात या घराच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांवर तडे गेले. आधीच्या मालकांनी ते सीलंटने बुजवून वर रंग दिला. घर घेताना मला ते दिसले होते. ‘तीन वर्षांत बदलणे’ असे मी वहीत लिहिले आणि बदलले नाही. सीलंट किती वर्षे टिकते हे मोजणे हीच माझी नोकरी आहे. आई म्हणाली, दिव्याखाली अंधार. तिचे मोजमाप बरोबर आहे.

मागच्या सप्टेंबरातल्या वादळात पश्चिमेची एक फळी सुटून शेजारच्या नेमोतो-सानच्या मुळ्यांच्या वाफ्यात पडली. आतले लाकूड काळे पडले होते. २०१९ मध्ये नुसते सांधे बदलायला परांचीसकट चार लाख येन लागले असते. आता सगळे साइडिंग उतरवून, कुजलेले लाकूड बदलून नवे बसवायला सव्वीस लाख चाळीस हजार लागणार आहेत. ही रक्कम वेगळ्या खात्यात ठेवली आहे. तिला कोणत्याही कारणासाठी हात लावू नये, माझ्या अंत्यविधीसाठीसुद्धा नाही.

कलम ३. अद्वैतचा आक्षेप.
एप्रिलमधला फोन आठवतो तसा लिहिते.

“ताई, शून्य किमतीच्या घराला सव्वीस लाखांचा कोट शिवतेस?”

“आत लाकूड ओलं आहे.”

“मग झाकून टाक ना! तो दुसरा माणूस सतरा लाखांत वरून पत्रा ठोकून देतोय.”

“ओल्यावर पत्रा ठोकला तर पाच वर्षांत सांगाडा जाईल.”

“पाच वर्षांनी कोण बघायला येतंय!”

त्याने ते माझ्या शस्त्रक्रियेवरून म्हटले नव्हते, हे मी इथे मुद्दाम नोंदवते. काही झालेच, तर त्याने ते वाक्य मनाला लावून घेऊ नये.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर असे: पाच वर्षांनी मी बघणार आहे. शंभरातल्या नव्व्याण्णवांच्या हिशेबाने मी भिंत करून घेत आहे. हा कागद उरलेल्या एकासाठी आहे.

कलम ४. आईला.
पुण्यातल्या सर्व ठेवी आणि इथली उरलेली शिल्लक माझी आई सौ. कल्पना हिला मिळावी. खाते तिच्या एकटीच्या नावाने असावे. ‘सोयीसाठी’ दुसरे नाव घालू नये. अद्वैत, ही सूचना तुझ्यासाठी आहे.

कलम ५. हत्यारे.
लाकडातला ओलावा मोजण्याचे यंत्र मुकादम ईझुका-सान यांना द्यावे. ते लाकूड वासाने ओळखतात आणि माझ्या आकड्यांना हसतात. आतापर्यंत त्यांचे एकदाही चुकलेले नाही, तरी यंत्र घ्यावे. शिडी नेमोतो-सान यांना द्यावी. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. शिडीवर चढू नये ही अट घातली आहे, ती त्या पाळणार नाहीत.

कलम ६. एक जुनी चूक.
माझे वडील श्री. विजयकुमार दिघे सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झाले. कुठल्याही घरी गेले की बोटाच्या पेराने भिंत वाजवून पाहण्याची त्यांना सवय आहे. लग्नाच्या हॉलमध्येही आईला म्हणावे लागते, “अहो, लोकांच्या भिंती तरी सोडा!”

११ मार्च २०११ च्या भूकंपाच्या वेळी मी इथे विद्यार्थिनी होते. चौथ्या दिवशी बाबांचा फोन लागला.

“पहिल्या विमानाने निघ.”

“बाबा, इमारतीला काही झालेलं नाही.”

“इमारतीचं मला नको सांगूस. जन्म गेला माझा त्यात.”

मी थांबणार म्हणाले. ते म्हणाले, “मग तिथंच राहा.” मी राहिले. त्यानंतर आठ वर्षे आमचे बोलणे आईमार्फत झाले. “तिला विचार, पोचली का.” “त्यांना सांग, पोचले.”

एप्रिल २०१९ मध्ये दोघे पंधरा दिवस इथे आले. तिसऱ्या सकाळी बाबा पश्चिमेच्या भिंतीपाशी उभे राहून बोटाने वाजवत होते.

“पूर्वी, इथं ओल आहे.”

आठ वर्षांत माझ्याशी थेट बोललेले ते पहिले वाक्य होते. उत्तर म्हणून मी त्यांना साइडिंगमागे हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या पोकळीबद्दल पंधरा मिनिटे समजावून सांगितले.

“अगं, सगळीकडे पोकळ वाजतं, ते कळलं मला. इथं वाजत नाहीये.”

“ही पुण्याची विटांची भिंत नाही, बाबा.”

“बरं,” ते म्हणाले आणि आत गेले. थोड्या वेळाने आतून आवाज आला: “तिला विचार, चहा घेणार का.”

सुटलेली फळी तीच होती.

तेव्हा मी लिहून देते की बाबांचे निदान बरोबर होते आणि माझे चूक. हे मी आजवर फोनवर सांगितलेले नाही. नवी भिंत परांची उतरण्यापूर्वी त्यांनी वाजवून पाहावी. ते हो म्हणेपर्यंत कामाचा शेवटचा हप्ता देऊ नये. ईझुका-सान यांना तसे सांगितले आहे. ते म्हणाले, “मग ते येईपर्यंत मीही नीट झोपणार नाही.”

कलम ७. साक्षीदार.
एक साक्षीदार माझी सहकारी सुचित्रा. दुसरे बाबा असावेत. ज्याला लाभ मिळतो त्याने साक्ष करू नये, असे पुण्याच्या वकिलांनी कळवले आहे. म्हणून बाबांच्या नावे मी काहीही ठेवलेले नाही. त्याचा दुसरा अर्थ काढू नये. साक्षीदारासमोर सही करायची असते, त्यामुळे त्यांना इथे यावे लागेल. नुसते ‘या’ म्हणण्याची पद्धत आमच्या घरात नाही.

हा मसुदा १४ मे रोजी त्यांना पाठवत आहे. व्हिसाची कागदपत्रे त्याच पाकिटात आहेत. पायांत घालायला रबरी तळाचे बूट आणावेत. परांची निसरडी असते.

वरील मजकूर वाचून, त्यात बदल न करता, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

पूर्वी विजयकुमार दिघे
त्सुकुबा, दि. २५ जून २०२३

साक्षीदार १: सुचित्रा पंढरीनाथ गद्रे. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार २: विजयकुमार दिघे, वय ६९. सही माझ्यासमोर झाली. पश्चिमेची भिंत आज सकाळी हेल्मेट घालून, परांचीवर चढून, खालपासून वरपर्यंत वाजवली. सर्वत्र एकसारखी पोकळ वाजते. पास. बाकीच्या तीन भिंती व्हायच्या आहेत. त्या झाल्यावर पाहीन. परतीचे तिकीट काढलेले नाही. साक्षीदाराने लाभ घेऊ नये हा नियम मान्य आहे. एक कप चहा घेतला. तिनेच विचारला.