दुसऱ्या रांगेचा आवाज

चोपडे, पेडणे

अहो,

उद्या सकाळी मी म्हापशाला जाते आहे, आवाजाचा मिक्सर आणायला. तुम्ही वर्षभर निवडत बसलात आणि न निवडताच गेलात, तोच. दुकानातल्या आंतोनला आज संध्याकाळपर्यंत सांगायचं आहे, दोनातला कुठला बांधून ठेवू ते. त्याला फोन करण्याआधी तुमच्याशी बोलावंसं वाटलं. घरात आपण कोंकणीत बोलायचो आणि कागद पुढे आला की मराठीत लिहायचो. म्हणून हे मराठीत.

आधी तुमच्यावरचा राग सांगते. बाजारात इसवण मासा घ्यायला तुम्हाला किती वेळ लागायचा? कल्ला उचलून बघितला की झालं. आणि या एका यंत्रासाठी दर सुट्टीला पुलावरून म्हापसा, आणि परत रिकाम्या हातांनी. चहा पिता पिता दुकानदारांना शिव्या. "बॉक्सावर दहा लिहितात आणि माइकची भोकं बघशील तर चारच. बाकीची टेपरेकॉर्डर जोडायला. लोकांना काय कळत नाही समजतात?" मी भाजी चिरत हूं हूं करायचे. घेऊन टाका एकदाचा, असं मनात म्हणायचे. तोंडाने का नाही म्हटलं कोण जाणे.

रेकॉर्डिंगची खोली मात्र तुम्ही तयार करून ठेवलीत. मागचं जनेल फळ्या मारून बंद केलंत. भिंतींना काथ्याच्या चटया, त्यावर माझ्या लग्नातल्या गोधड्या. मी भांडले होते गोधड्यांसाठी. "भिंतीला थंडी वाजते काय?" तर तुम्ही म्हणालात, "भिंत उलटून बोलते. तिचं तोंड बंद करतोय." मग कॉम्प्युटर आला, माइक आले, कानाला लावायचे हेडफोन आले. माइक आणि कॉम्प्युटर यांच्या मधलं, सगळे आवाज गोळा करून आत सोडणारं यंत्र तेवढं राहिलं. जत्रेतल्या नाटकांना न्यायचा तो दाराएवढा जुना मिक्सर कर्ण्यांसाठी ठीक होता, खोलीत नुसता घूं घूं करायचा. तो तुम्ही देवळाला देऊन टाकलात, आता नवा येणार म्हणून.

आणि मग डिचोलीला, खाणीवर कामावर असताना, तुमच्या छातीत कळ आली. खनिजाच्या ट्रकांतून गाडी बाहेर काढायला वेळ लागला, एवढंच मला सांगितलं. किती वेळ, हे मी कुणाला विचारलं नाही. आता विचारून काय करू?

तुमची यंत्रांची पुस्तकं मी वाचून काढली. चौथीत शाळा सुटल्यावर कथा-कादंबऱ्या जशा वाचायला शिकले, एक ओळ चारदा, तशीच हीही वाचली, शब्दकोश मांडीवर घेऊन. कंटाळा आला नाही. तुम्ही पेन्सिलीने ओढलेल्या रेघा होत्या, त्यांच्या सोबतीने वाचलं.

आता मिक्सर का लागला ते सांगते. थोडं मागून सांगावं लागेल.

पौषात धालो आले, बायकांची रात्रीची नाचगाणी सुरू झाली, की तुम्ही पडवीत पाय पसरून पडायचात. बायका जिथे गातात त्या मांडावर पुरुषांनी यायचं नाही. तालुक्यातल्या निम्म्या जत्रांना ज्याच्या हातचा आवाज, तो माणूस बायकोचं गाणं पडवीतून ऐकायचा. सकाळी पदेराची घंटा ऐकून मी पाव घ्यायला उठायचे, तर तुम्ही डोळे मिटूनच म्हणायचात, "काल दुसरी रांग एकदा मागे राहिली."

"पुरुषांनी ऐकायचं नसतं."

"कान काय काढून खुंटीला लावू?"

तुम्हाला ठाऊक होतं, दुसऱ्या रांगेच्या टोकाला मी होते. समोरची रांग ओळ म्हणणार, आम्ही ती उचलून परत द्यायची. पहिल्या रांगेला तुमच्या वैनी. मी डिचोलीजवळच्या सर्वणहून लग्न होऊन आले तेव्हा वैनींनी मला पार शेवटी उभं केलं होतं. "डिचोलीकडची चाल हांगा नाका," म्हणाल्या होत्या. तीन-चार पौष गेले, आणि एके दिवशी काही न बोलता दंडाला धरून मला टोकाला आणून ठेवलं. तेव्हापासून त्यांनी टाकलेली ओळ मी कधी खाली पडू दिली नाही. भाषेवरून गावात डोकी तापली होती तेव्हा तुम्ही म्हणायचात, आधी या बायकांची गाणी कुठल्या भाषेत आहेत ते ठरवा. गोव्याचं वेगळं राज्यसुद्धा झालं, पण ते कुणी ठरवलं नाही.

तुम्ही गेलात आणि मला पडवीत आणून बसवलंत. आपल्या वाड्यावर नवरा गेलेली बाई मांडावर पाय ठेवत नाही. मला कुणी येऊ नको म्हटलं नाही. म्हणायची गरजच काय? दोन पौष मी तुमच्या जागी बसून ऐकलं. तिथून फार काही ऐकू येत नाही हो. शब्द पुसट येतात, पाय तेवढे कळतात. मग दुसरी रांग कुठे मागे राहिली हे तुम्ही रोज सकाळी बरोबर कसं सांगायचात? की नुसतं मला चिडवायला सांगत होता? हे विचारायचं राहून गेलं.

तुळशीचं लग्न झालं आणि एका दुपारी वैनी आल्या. पायरीवरच बसल्या. वहाळापासून इथपर्यंत येताना दोनदा थांबल्या असणार, बोलायला लागायच्या आधी बराच वेळ नुसत्या श्वास घेत होत्या.

"त्याची ती खोली रिकामी आसा मगे?"

"आहे."

"आमची गीतां भर तातूत. माजो दम आता उरूक ना."

मी म्हटलं, भरीन. तुम्हाला जे कधी जमलं नसतं ते मला जमणार होतं, मी बाई आहे आणि मला ते बटण दाबता येतं. बायका खोलीत येऊन माझ्यासमोर गातील. मला इतका आनंद झाला की मी उठून चहाचं आधण ठेवलं. आतूनच विचारलं, "दुसरी रांग कोण धरणार?"

"तेंच सांगूक आयल्यां. ती शालू अर्दी म्हणटा, अर्दी गिळटा." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "तूंच म्हण. खोलयेत खंय मांड आसा?"

मी आधण तसंच सोडून दाराशी आले.

"पूण तुजो आवाज वेगळो दवर. कोणे कितें म्हटलें जाल्यार मागीर काडूक मेळाक जाय."

समजलात? मी म्हणायचं, पण असं की उद्या कुणी नाक मुरडलं तर माझा आवाज तेवढा काढून टाकता आला पाहिजे.

वैनी वाईट नाहीत. माझ्या हातातल्या बांगड्या काढायची वेळ आली तेव्हा त्यांनीच सगळ्यांना बाहेर घालवलं होतं आणि माझे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना वाड्यावर सगळ्यांना धरून राहायचं आहे. म्हणून तेव्हा मिक्सर बघून सांगते, एवढंच म्हटलं.

दुकानात आंतोनने दोन यंत्रं टेबलावर मांडली. तुमची आठवण काढून त्याने आधी मला खुर्ची दिली. पहिल्या मिक्सरमध्ये सगळे माइक एकत्र होतात आणि दोनच वाटांनी कॉम्प्युटरमध्ये जातात, डावी नि उजवी. एकदा गेले की गेले. "हुमणातलो नाल्ल परत काडशी काय, बाय? तशें," आंतोन म्हणाला. कालवणात वाटून घातलेला नारळ परत निघतो का, तसं. दुसऱ्यात प्रत्येक माइकला स्वतःची वाट. हवा तो ठेवा, नको तो बंद करा. पैशांचं म्हणाल तर दोन्ही झेपतात.

"होच व्हर," तो दुसऱ्यावर हात ठेवून म्हणाला. "तुजो घोव होच व्हरतलो आशिल्लो."

तुम्ही हाच नेला असता, मला माहीत आहे. जत्रेच्या नाटकात नायिकेच्या गाण्यात कुणा म्हाताऱ्याचा खोकला आला, तो काढता येईना म्हणून तुम्ही आठवडाभर नीट जेवला नाहीत. तुम्ही सगळ्यांना वेगवेगळं केलं असतंत आणि मग निवांत बसून पुन्हा एकत्र आणलं असतंत. त्यातच तुमचं सुख होतं.

मी आंतोनला विचारलं, एका खोलीत समोरासमोर उभं राहून गायलो तर माझा आवाज वेगळा राहील? तो हसला. नाही, म्हणाला. माझा आवाज त्यांच्या माइकमध्ये शिरणारच. पूर्ण वेगळा हवा असेल तर मला दुसऱ्या खोलीत बसावं लागेल, दार लावून. कानाला हेडफोन लावून त्यांचं ऐकायचं आणि आपलं म्हणायचं.

म्हणजे पुन्हा पडवीच झाली ना?

तरी मी करून बघितलं. वैनी मागे एकदा सहज गुणगुणत होत्या ते फोनवर भरून ठेवलं होतं. परवा स्वयंपाकघराचं दार लावून ते कानाला लावलं आणि त्यांच्या ओळीवर माझी ओळ घ्यायला गेले. ओळ उचलता येईना. समोर तोंड नाही, पाय नाहीत, आणि डोक्यात एकच, की हे पुसायच्या तयारीने ठेवलेलं आहे. कुणी ना कुणी पुसणारच. वाड्यावर एक तरी तोंड वाकडं होणार, आणि मग ज्या गाण्यात मी होते त्यात मी नव्हतेच असं होणार. असं गाता येत नाही मला.

काल वैनींकडे गेले आणि सांगून टाकलं. लपवून केलं असतं तर त्यांना यंत्रातलं काय कळलं असतं? पण मला तसं नको होतं.

"वैनी, मी एकत्रवाला घेते. त्यातून मला मागाहून काढता येणार नाही."

त्या भाताचं पाणी काढत होत्या. तपेलं खाली ठेवलं.

"आनी बायलो येवूक नात जाल्यार?"

"मला नुसती मशीनवर बसवायची असेल तर बसेन. शालू म्हणेल तेवढं भरीन. पण गायला सांगत असाल तर तुमच्यासमोर उभी राहून गाईन आणि ते तसंच राहील."

"मेल्यार लेगीत हट्ट सोडची ना तूं."

"तुमच्याकडूनच शिकले."

पूर्वी यावर त्या हसल्या असत्या. काल तपेलं परत उचललं आणि माझ्याकडे पाठ केली. मी परत आले.

तुम्ही असता तर काय म्हणाला असता ते मला ऐकू येतं. "अगो, आधी भरून घे, मग भांड." खरंच आहे. वैनींचा दम पुढच्या पौषापर्यंत टिकेल असं वाटत नाही. त्यांची कितीतरी गाणी दुसऱ्या कुणालाही येत नाहीत. त्या आल्या नाहीत तर ती त्यांच्याबरोबरच जातील, आणि ती माझ्या हट्टापायी गेली असं सगळे म्हणतील. ते खोटं नसेल. वेगळी वाट असलेला घेतला, दार लावून कशीबशी म्हटली, तर गाणी तरी राहतील. मी राहिले नाही तर काय बिघडलं? दोन पौष नाहीच मी.

रात्रभर हेच उलटसुलट केलं. पण गाणं ओळ टाकण्याचं आणि ओळ उचलण्याचं आहे. उचलणारीला दाराआड ठेवून जे भरलं जाईल ते वैनींचं गाणंही नसेल. हे खरं आहे, की मी नुसती स्वतःची समजूत घालते आहे? तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी सांगायचात, तसं मला आता कुणी सांगत नाही.

तरी ठरवलं. यंत्राच्या गोष्टीत मी तुमच्या शब्दाबाहेर कधी गेले नाही, या वेळी जाते आहे. आंतोन नावं ठेवील. तुम्हीही ठेवा.

आता वचन देते. उद्या एकत्रवालाच आणीन. पौषाआधी खोली सारवून घेईन आणि दोन माइक समोरासमोर उभे करीन. बायका आल्या तर दुसऱ्या रांगेच्या टोकाला उभी राहीन. नाही आल्या तर एकटी उभी राहीन. वैनींची ओळ यायची तिथे तिच्या लांबीएवढी गप्प बसेन, मग माझी ओळ म्हणेन, पुन्हा गप्प बसेन, पुन्हा म्हणेन, मला येतात तेवढी सगळी गाणी होईपर्यंत. आणि त्यातली ती गप्प जागा मी कापणार नाही.

तुमची,
सुलोचना