जॉयस्टिकवरची कुस्ती

अप्पा, आज तुमच्या नातवानं मला कुस्तीत चीतपट केलं. घाबरू नका, कुस्ती व्हिडिओ गेममधली होती. सर्जापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये अर्धी भिंत व्यापणारा टीव्ही आहे आणि त्यातले पैलवान हल्ली इतके खरे दिसतात की त्यांच्या पाठीवरचा घामसुद्धा कळतो. तुम्ही असता तर आधी त्यांच्या मांड्या बघितल्या असत्या आणि म्हणाला असता, यांनी बैठका चोरल्यात. मी बरी खेळत होते, पण मध्येच तुमची आठवण आली आणि हसू आवरेना, तेवढ्यात पोरानं डाव साधला. म्हटलं, ज्याच्यामुळे हरले त्याला कळवायला हवं. तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुम्हांला काहीबाही कळवत बसायची माझी खोड काही जात नाही.

तेव्हा आपण याच शहरात, इंदिरानगरला राहत होतो. पुढे घरमालकांचं मोठं घर आणि मागे आपल्या दोन खोल्या. मी अकरा-बारा वर्षांची असेन. घरमालकांच्या दोघा मुलांकडे परदेशातल्या मामानं आणलेला व्हिडिओ गेम होता आणि त्यात एक कुस्तीची कॅसेट होती. रंगीत चड्ड्या घातलेले, केस वाढवलेले, एकमेकांच्या उरावर उड्या मारणारे पैलवान. गल्लीतली सगळी मुलं दसऱ्याच्या सुट्टीत त्या हॉलमध्ये ठाण मांडून असायची. मला पाळी मिळायची ती कुणी पाणी प्यायला उठला तरच. मुलगी ना, तू गाडीचा गेम खेळ, असं म्हणायचे. तो गाडीचा गेम मला मुळीच आवडायचा नाही. अशातच त्यांनी दोघादोघांच्या जोड्यांची स्पर्धा ठरवली. जी जोडी जिंकेल तिला दिवाळीपर्यंत रोज पहिली पाळी. मला तेवढंच हवं होतं, हक्कानं बसायला मिळावं, कुणाची तहान बघत बसायला लागू नये. पण त्यासाठी जोडीदार लागणार होता.

त्या संध्याकाळी मला जेवायला बोलवायला तुम्ही दारात येऊन उभे राहिलात. चिकपेटच्या दुकानात दिवसभर साड्या उलगडून आणि घड्या घालून आलेले, शर्टाच्या बाह्या अजून वर सरकवलेल्या. मी नेमकी कुणाच्या तरी पाण्याच्या तांब्याच्या कृपेनं खेळत होते. तुम्ही थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिलात आणि मग सगळ्यांसमोर मला झापलंत.

“त्यो पडलाय की गं. पाठ टेकली त्याची. आता आणि कशाला मारालीस?”

मुलं खो खो हसली. मी तुम्हांला समजावलं की इथं पाठ टेकून भागत नाही, त्याच्या अंगावर झोपायचं, बटण दाबायचं आणि पंचानं मॅटवर तीनदा थाप मारेपर्यंत धरून ठेवायचं. तुम्ही म्हणालात, मग हा पंच आंधळा आहे. पण जेवण विसरून तिथेच मांडी घालून बसलात. मोठ्या मुलानं तुमचे मोडलेले कान बघितले आणि हळूच विचारलं की हे कशानं झाले. तुम्ही कन्नडमध्ये सांगितलंत, तालमीत. त्यानंतर त्या हॉलमध्ये तुमच्या कानांना जो मान मिळाला तो चिकपेटमध्ये कधी मिळाला नसेल.

घरी येताना मी सांगितलं की मला जोडीदार नाही आणि तुम्ही लगेच हो म्हणालात. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, बेळगावकडची माती सुटली आणि आता काचेतली धरा. तुमच्यासारखा विद्यार्थी मात्र देवानं वैऱ्यालाही देऊ नये. कुस्ती सुरू झाली की तुम्ही जॉयस्टिक खाली ठेवून आधी सतरंजीला हात लावून कपाळाला लावायचात, मग मांडीवर दणदणीत शड्डू ठोकायचात, आणि तोवर पडद्यावरचा तुमचा गडी नुसता मार खात उभा. शेवटी तुमची पूजा आटपेपर्यंत जॉयस्टिक मीच धरायला लागले. रिंगबाहेरची खुर्ची उचलून मारता येते हे दाखवलं तर म्हणालात, खुर्ची बसायला असते. बाकी डाव तुम्हांला पटापट जमले. ही धोबीपछाड, ही ढाक, अशी नावं देत तुम्ही बटणं पाठ केलीत. पण समोरच्याची पाठ टेकली रे टेकली की तुमचा अंगठा बटणावरून उठायचा आणि उजवा हात हस्तांदोलनाला पुढे व्हायचा. तेवढ्यात तो पडलेला उठून तुमच्या गड्याला लोळवायचा. मी दाबा, दाबा म्हणून ओरडून घसा बसवून घेतला. तुम्ही हसून म्हणायचात, अगं, हात आपसूकच सुटतो.

का सुटतो ते शनिवारी बसमध्ये कळलं. तुमच्याबरोबर मी चिकपेटला दुकानात निघाले होते आणि वाटभर रागावलेली होते, कारण स्पर्धा दुसऱ्या दिवशी होती. तेव्हा तुम्ही तुमच्या शेवटच्या कुस्तीची गोष्ट सांगितलीत. जत्रेतलं मैदान, मानाचा फेटा. तुम्ही समोरच्याला चीत केलंत आणि रिवाजाप्रमाणे हात सोडून उठलात. पंच त्या घटकेला पुढे घुसणारी गर्दी मागे सारत होता, त्याला काही दिसलं नाही. लोक ओरडत होते की परत त्याच्या छातीवर बस, पंचाला दाखव. तुम्ही बसला नाहीत. कुस्ती बरोबरीत सोडवली आणि फेटा तसाच राहिला. मी विचारलं, वाईट नाही वाटलं? तुम्ही म्हणालात, त्याला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. हे सांगताना तुमच्या चेहऱ्यावर फेटा मिळालेल्या माणसाचा आनंद होता, अप्पा.

रविवारचा तो हॉल आताही डोळ्यांसमोर आहे. घरमालकीणबाई, आपल्या अक्का, चकल्यांचं ताट घेऊन मुलांच्या मागे उभ्या आहेत. आई दारात आहे, नुसती डोकावतेय असं दाखवत. पहिल्या दोन जोड्या मी एकटीनंच लोळवल्यात, तुमच्यापर्यंत जॉयस्टिक येऊच दिली नाही. शेवटची कुस्ती घरमालकांच्या मुलांशी आहे आणि ते दोघं मिळून माझी कणीक तिंबतायत. माझा गडी कसाबसा सरपटत कोपऱ्यात पोचतो, तुमच्या गड्याच्या हातावर टाळी देतो, आणि मी जॉयस्टिक तुमच्या हातात कोंबते. तुम्ही मोठ्या मुलाच्या पैलवानाला पाठीवर घेता आणि अशी धोबीपछाड घालता की अक्कांच्या ताटातल्या चकल्या हलतात. पाठ टेकते. तुमचा अंगठा उठतो. उजवा हात पुढे निघतो. आणि मी त्या दिवशी ओरडत नाही. बसमधलं ऐकल्यावर मला ओरडवतच नाही. मी फक्त तुमच्याकडे बघते.

तुम्हीही माझ्याकडे बघितलंत. मग पुढे निघालेला हात मागे घेतलात आणि अंगठा बटणावर ठेवून दाबलात, इतक्या जोरात की नख पांढरं पडलं. पडद्यावर पंच थापा मारत होता आणि तुमचं तिकडे लक्षच नव्हतं, तुम्ही त्या मुलाच्या तोंडाकडे बघत होतात. तिसरी थाप पडली तशी सगळी गल्ली नाचायला लागली. तुम्ही उठलात, त्या मुलाचा हात हातात घेतलात आणि कन्नडमध्ये त्याला म्हणालात,

“तम्मा, बाळा, तू मघाशीच पडला होतास. वरचं दाबणं पोरीसाठी होतं. राग मानू नकोस.”

“परवागिल्ला अंकल,” तो म्हणाला. काही हरकत नाही. आणि तो तुमच्या पाया पडला.

मग मैदान मारलेल्या पैलवानाला मिरवतात तसं तुम्ही मला खांद्यावर घेतलंत. मी चांगली जड होते, तुम्ही धापा टाकत होतात, आई खाली उतरव तिला म्हणून मागे लागली होती, आणि तुम्ही अंगणात फेऱ्या मारत होतात. दिवाळीपर्यंत मी रोज पहिली बसले. आयुष्यात पुढे पुष्कळ काही मिळालं, पण इतकं उंच मला पुन्हा कुणी बसवलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, इथंच राहील. म्हणून एक सांगून टाकते. मला जोडीदार नव्हता असं नाही. तुम्ही मला जेवायला बोलवायला आलात त्याच्या आदल्याच दिवशी समोरच्या घरातला मुलगा विचारून गेला होता आणि तो खेळायचाही झकास. मीच त्याला नको म्हटलं. तुमची माती माझ्या जन्माआधीच सुटली होती, आणि मला तुम्हांला एकदा कुस्ती खेळताना बघायचं होतं.