ठिपक्याची बाजू

तीर्थस्वरूप मामांस, आपल्या एकुलत्या भाच्याचा (एकुलता असूनही घराला पुरून उरलेला, असं आई म्हणते) पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आपली कंबर आता कशी आहे? शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून, आपल्या पायाखालचा तो जादा ब्रेक दाबून दाबून मांडीत गोळा यायचा, तो गेला का? पलंग तोच आहे ना? गादी अजून तशीच कडक आहे ना? (हे नीट कळव. उगाच विचारत नाहीये.)

आई शेजारी बसून वाचत होती म्हणून एवढं अहो-जाहो. आता ती आत गेली, तर अरे मामा, ऐक. फोन न करता पत्र लिहितोय, कारण गाण्याचा विषय काढला की तू ‘समोर गाडी आली’ म्हणून फोन ठेवतोस. मागच्या खेपेला तू आंघोळीला निघाला होतास, तरी समोर गाडी आली होती. पत्राच्या समोर कुठून गाडी आणशील?

आधी जुने आभार. मी कॉलेज सोडलं तेव्हा सगळं घर माझ्यावर तुटून पडलं होतं. सरांनी भर वर्गात माझा निबंध चोरीचा ठरवला, माझं डोकं फिरलं आणि मी खिडकीतून बाहेर पडलो. (दार दोन पावलांवर उघडं होतं, पण रागात दारातून जाणं बरं दिसत नाही. एक चप्पल आत राहिली. ती आणायला परत जावं लागू नये, यासाठीच मी कॉलेज कायमचं सोडलं, हे फक्त तुला माहीत आहे.) तेव्हा तू गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवलीस आणि दीड महिना सकाळ-संध्याकाळ गाडी शिकवलीस. म्हणून आज मी लॉंड्रीची व्हॅन चालवतो. इस्पितळातल्या मळक्या चादरी न्यायच्या, धुतलेल्या आणून द्यायच्या. चादरी कुणाला चोर म्हणत नाहीत.

तर या व्हॅनमध्ये एक म्हातारा कॅसेट प्लेअर आहे. त्याला एक खोड आहे. कॅसेट कशीही घाला, तो आधी पालथी बाजूच वाजवतो, ती संपली की मग वरची. आमच्या मेकॅनिकने त्याचं तोंड उघडून पाहिलं आणि ‘स्वभाव आहे’ म्हणून परत बंद केलं. वाजवायला घरात एकच कॅसेट सापडली. आईच्या शिलाई मशीनच्या आखूड पायाखाली सतरा वर्षं दबलेली, तुमच्या बॅंडची. ‘दहा मजले’. (ती काढल्यावर मशीन खोलीभर चालायला लागलं. आई शिवत शिवत दारापर्यंत गेली.)

मामा, तुमच्या त्या कॅसेटबद्दल मी लहानपणापासून एवढंच ऐकलं होतं, की ती कुणाला कळली नाही. लिफ्ट चालवणाऱ्या एका माणसाची गोष्ट, दहा गाण्यांत. पेपरात एकच परीक्षण आलं, त्यात लिहिलं होतं की नायक आधी निवृत्त होतो आणि मग नोकरीला लागतो. ते वाचून तू त्या पेपरच्या कचेरीत जाऊन भांडलास, वेल्डरकाकांनी ड्रम वाजवणं सोडलं, गोष्ट तू लिहिलीस म्हणून दोष तुला दिला, आणि तू गिटार कपाटावर टाकून लोकांना रिव्हर्स शिकवायला लागलास. तेव्हापासून तू ती कॅसेट एकदाही लावली नाहीस. (‘तू मामावर गेलायस’ असं आई मला का म्हणते, ते आता कळलं.)

आता ‘ती’. सविस्तर सांगत नाही, कारण सविस्तर सांगायला बसलो तर लॉंड्री बंद पडेल. ती इस्पितळात चौथ्या मजल्यावर चादरींच्या खोलीची प्रमुख आहे. चादर हातात घेतली की न उलगडता सांगते, कुठे विरली आहे. माझ्याकडेही ती तशीच बघते. दोन महिने मी तिला दिसावं म्हणून घड्या स्वतः घालत होतो. सगळं सुरळीत चाललं असताना एका सकाळी लिफ्टवाल्या काकांनी माझी ट्रॉली बाहेरच ठेवली आणि आधी एका पेशंटला घेतलं. झालं. मी तिथे असं तोंड सोडलं, की तीन मजल्यांवरचे लोक कठड्याला आले. चौथ्यावर तीही होती. नंतर मला एवढंच म्हणाली, “तू ऐकत कधी नाहीस रे. फक्त बोलायची पाळी येईपर्यंत थांबतोस. कधीकधी तेवढंही नाही.” त्यानंतर पंधरा दिवस फक्त चादरींचा आकडा. बाकी एक अक्षर नाही.

त्याच पंधरा दिवसांत मी तुझी कॅसेट लावली. बोलायला कुणी नव्हतं, म्हणून ऐकली. पहिलं गाणं, नवा गणवेश, बाह्या लांब, बटण दाबायला बोट बाहेर येत नाही. मी हसलो. दुसऱ्यात त्याला लोकांच्या बुटांवरून मजले ओळखता यायला लागतात. आणि तिसऱ्यात, मामा, एक घाईतला पोरगा लिफ्टच्या दारात त्याच्यावर ओरडतो. लिफ्टवाला दार ओढून घेतो, आणि मग नुसती तुझी गिटार. किती वेळ, तर सिग्नल हिरवा झाला, परत लाल झाला, मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकले, तरी मी तिथेच. सतरा वर्षांपूर्वी तू माझं भांडण लिहून ठेवलं होतंस, आणि मला त्यात कोणती भूमिका दिली होतीस! तेव्हा मी चार वर्षांचा होतो रे. इतक्या लवकर ओळखलंस?

दुसऱ्या दिवशी मी लिफ्टवाल्या काकांची माफी मागितली. ते म्हणाले, “कोण तू?” रोज इतके लोक ओरडतात, की मी त्यांच्या लक्षातच राहिलो नव्हतो. इतका अपमान माझा कॉलेजातही झाला नाही. पण मी गप्प राहिलो. मग त्यांनी स्वतःच स्टूल सरकवलं आणि सांगितलं, की बावीस वर्षांत ते या इमारतीच्या गच्चीवर एकदाही गेलेले नाहीत, लिफ्ट तिथवर जात नाही. मी ऐकत राहिलो. चौथा मजला आला, गेला, परत आला. तिने पाहिलं.

हे मला कुठून सुचलं ते सांगितल्यावर त्या दिवशी तिने कॅसेट घरी नेली, आणि सकाळी तोंड पाडून आली. म्हणाली, “तुझे मामा चांगले असतील, पण हा माणूस आधी नोकरी सोडून जातो आणि मग गणवेश घालतो. हे काय?” तेच! पेपरवाल्याचं वाक्य, तिच्या तोंडून! मी खवळलो. शेवट गच्चीवरच होतो, तो लिफ्टचा पंखा बंद करून आभाळ बघतो आणि पहिल्यांदाच जिन्याने उतरतो, हे मी कानांनी ऐकलंय! ती म्हणाली, “ओरड आधी, मग ऐक.” मी तोंड मिटलं. जेवणाच्या सुट्टीत ती व्हॅनमध्ये येऊन बसली आणि पहिलं गाणं सुरू होताच तिने प्लेअर थांबवला, कॅसेट काढली, उलटसुलट पाहिली. वाजत होती ती ‘बाजू दोन’. मग लॉंड्रीत येऊन इस्त्रीच्या वाफेवर लेबलं सोडवली. ‘बाजू दोन’च्या खाली पेन्सिलीचा बारीक ठिपका होता.

मामा, लेबलं उलटी लागली होती! सगळ्या जगाने तुझी गोष्ट मधूनच ऐकली. ज्यांनी ऐकली त्यांना कळली नाही, आणि ज्यांनी केली त्यांनी रागाने ऐकलीच नाही. सरळ गोष्ट समजली ती एकट्या आमच्या बिघडलेल्या प्लेअरला. तू चुकला नव्हतास. गोष्ट अख्खी होती, सुंदर होती. हे तुला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगतो. आणि ती आता माझ्याशी बोलते, तेही तुझ्यामुळे. याचे आभार कसे मानतात ते आमच्या कॉलेजात शिकवलं असेल, पण मी तोवर खिडकीबाहेर होतो.

तुझा, डोकं अर्धं थंड झालेला,
भाचा

ता. क. लेबलं कुणी चिकटवली हे विचारू नकोस. मी आईला शब्द दिलाय.

ता. क. (हे मी लिहितेय.) याला म्हणावं, तुझा शब्द तुझ्यापाशीच ठेव. लेबलं मीच लावली रे. कॅसेट तयार करणाऱ्याने ती कोरीच दिली होती, आणि तू सांगून गेलास, ठिपक्याची बाजू पहिली. त्या दिवशी हा तापाने फणफणला होता, मांडीवरून उतरत नव्हता. एका हाताने याला थोपटत एका हाताने पाचशे चिकटवली. ठिपका लक्षात राहिला, पहिली की दुसरी ते विसरले. तू वर्षभर गप्प होतास तेव्हा मला वाटायचं, लोकांनाच अक्कल नाही. रागाव, पण ये. – ताई

ता. क. म्हणजे मूळ दोष माझ्या तापाचा. म्हटलंच होतं, मी पहिल्यापासून गरम डोक्याचा. आता कंबरेचं. न खपलेल्या कॅसेटची खोकी तुझ्या गादीखाली फळीच्या जागी आहेत हे मला माहीत आहे. ती सगळी पाठव. वाफ लॉंड्रीची, ठिपका ती बघणार, लेबल मी चिकटवणार, आई दुरून बघणार. तुझ्यासाठी फळी मी स्वतः घेऊन येतो, कंबरेच्या मापाची. वेल्डरकाकांनाही सांग.

सोबत ही पहिली कॅसेट, लेबलं बदलून. कितीही गाड्या समोर आल्या तरी ऐक. परत पाठवू नकोस. मशीनच्या पायाखाली आईने लाकूड घातलंय.