घोटभर पाणी, वाटीभर ओट्स

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

मंद्रूप,
दि. ६ जानेवारी २०२५

चि. सौ. ऋतुजा हिस बनाअक्काचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

फोन सोडून पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू आप्पांच्या खाटेशेजारीच बोलतेस आणि त्यांचे कान अजून तिखट आहेत. आपलं भांडण त्यांनी ऐकायला नको. आज मी भांडायलाच बसले आहे.

ईश्वरप्पाकाका काल तुमच्याकडून परत आले. पारावर सगळ्यांदेखत सांगत होते, की सिद्धाप्पा सुनेकडं सारखं पानी मागत हुता, आन् ती पानी सोडून कसला तरी लगदा चारत हुती. ऐकून माझी मान खाली गेली. ऋतुजा, आपण मेंढरं राखणारी माणसं. आडावर आधी मेंढरू पितं, मग धनी. आणि माझा बाप तुमच्या घरात पाण्याला महाग व्हावा?

अर्धांगाचा झटका आल्यापासून तू त्यांचं हगणं-मुतणं काढतेस, ते मी नाकारत नाही. माझा भाऊ बिरुदेव कामावरून येऊन टीव्हीसमोर बसतो, हेही मला ठाऊक आहे. पण ते ओट्स कुठून काढलेस? ओट आम्ही इथं म्हशीला पेरतो. सोलापुरात सिद्धाप्पाला सून वैरण घालते, असं लोक म्हणतात. मला हसूही आलं आणि रडूही.

राग आला तर ये आणि मला चार शब्द सुनाव. पण आधी त्यांना पाणी पाज. माया आहे म्हणून लिहिलं, तुझ्याकडूनही ती कमी होऊ नये.

तुझी,
बनाअक्का


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

विजापूर रोड, सोलापूर,
दि. ११ जानेवारी २०२५

ती. बनाअक्का यांस ऋतुजाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. एकदा रागानं, एकदा राग बाजूला ठेवून. आता उत्तर देते.

झटक्यानं आप्पांचा घसा सैल पडला आहे. पातळ काही दिलं की ते पोटात न जाता छातीत उतरतं. पाणी, चहा, ताक, सगळंच. दसऱ्याला त्यांना दवाखान्यात ठेवलं होतं ते कशानं, हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. ईश्वरप्पाकाकांनीच मायेनं त्यांना बशीतून चहा पाजला होता. मोठ्या माणसाचा अपमान नको म्हणून मी गप्प राहिले, आणि आप्पा ऑक्सिजनवर गेले. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर हाती लागणार नाहीत.

आता वैरण कशी करते तेही ऐका. ओट्स मिक्सरला बारीक दळते, कण राहिला तर ठसका लागतो. पातेल्यात चमचाभर तूप, जिऱ्याची पूड, मीठ, पाणी. उकळी आली की एका हातानं पीठ सोडायचं, दुसऱ्यानं ढवळायचं, पिठलं करतो तसं. मग शिजवून घोटलेली मूगडाळ. पळी उलटी केली तरी पडता कामा नये. गरम असतानाच भरवायचं, गार झालं की गोळा होतो. वाटीभर भरवायला तासभर लागतो. प्यायच्या पाण्यातही डॉक्टरांनी दिलेली पावडर घालून त्याची खळ करावी लागते. ती आप्पा थुंकून टाकतात. त्यांना पाणी हवं असतं, पाण्यासारखं पाणी.

आमच्याकडं नळ चार-पाच दिवसांआड येतो. तो वाजला की आप्पा मान वळवून बघतात. मी त्यांच्यासमोर पाणी पीत नाही, मुलींनाही पिऊ देत नाही. नाही म्हणताना माझ्या जिवाचं काय होतं, ते पारावर कोणी विचारत नाही.

एकदा आठ दिवस येऊन राहा. मग बोलाल ते ऐकेन. लोभ ठेवायचा की नाही तेही त्यानंतर ठरवा.

तुमची,
ऋतुजा


॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

मंद्रूप,
दि. १ मार्च २०२५

चि. सौ. ऋतुजा हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

आप्पा इथं येऊन पंधरवडा झाला. गावी न्या म्हणून त्यांनी हट्टच धरला, आणि तू मुकाट्यानं पातेलं, चमचा, ओट्सचा डबा बांधून दिलास. तू बोलावलंस तशी मी आठ दिवस तुझ्याकडं राहिले, तेव्हा तुझा डोळा चुकवून मी त्यांना पाणी पाजलं होतं. ते निळे पडले, तू धावत येऊन पाठ थोपटलीस आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस. त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्यास तर बरं झालं असतं.

ओट्सचं म्हणशील, तर पहिल्या दिवशी आंबील झाली आणि दुसऱ्या दिवशी वीट. म्हशीनंसुद्धा हुंगून सोडलं असतं. आता जमतात. आप्पांना ओट्याच्या बाजूनं वास आला की खाटेवरून बघायचे.

पण गावानं मला धरलं आहे. माणसं भेटायला येतात, आप्पा त्यांच्याकडं पाणी मागतात, आणि मी मध्ये उभी राहते. शेजारची दगडाबाई दारातच म्हणाली, सुनेचं सोड बाई, पोटची पोरगी बी बापाला पानी दीना. मी तुला जे लिहिलं होतं तेच मला परत मिळालं. करावं तसं भरावं.

खरी काळजी पुढं आहे. चार दिवस झाले, ते ओट्सही घेत नाहीत. चमचा नेला की ओठ मिटतात. काल जेमतेम दोन चमचे गेले. अंग पुसताना हाडं हाताला लागतात. मला काही सुचत नाही गं. डॉक्टरांना विचारून लवकर कळव. तुझ्या आधाराची वाट बघते आहे.

तुझी,
अक्का


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
दि. ५ मार्च २०२५

ती. अक्का यांस शि. सा. न. वि. वि.

फोन उचलला होता, पण तुमच्याकडं सारखी माणसं असतात, म्हणून तो ठेवला आणि कागद घेतला.

काल आम्ही दोघं डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, आता दोनच वाटा आहेत. पोटाला भोक पाडून नळी घालायची, त्यावर काही महिने निघतील. नाहीतर ते मागतील ते द्यायचं. त्यात पाणी छातीत जाईल, ताप येईल, आणि मग फार दिवस नाहीत. दसऱ्याला नाकातली नळी आप्पांनी स्वतः उपसून काढली होती आणि मला हात जोडले होते. ते मी विसरलेले नाही. यांना विचारलं, तर तू म्हणशील तसं म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

म्हणून मी म्हणते. अक्का, आप्पांना पाणी द्या.

पाठीला उशा लावून ताठ बसवा. तोंड आतून ओल्या फडक्यानं पुसून घ्या. हनुवटी थोडी छातीकडं. माठातलं द्या, चमच्यानं, घाई करू नका. ठसका लागला तर थांबा. पुन्हा मागितलं तर पुन्हा द्या.

चमचा पुढं करायला मन धजलं नाही तर माझं नाव घ्या. उद्या कोणी विचारलं तरी ऋतुजानं सांगितलं म्हणा. इतके महिने नाही मीच म्हणत आले, आता हो म्हणणंही माझ्याच अंगावर असू दे. मुलींच्या परीक्षा आहेत, त्यांना शेजारी सोडून रविवारी आम्ही दोघं येतो.

हे लिहिल्यावरही तुमची माया राहावी, एवढंच मागणं.

तुमची,
ऋतुजा


मंद्रूप,
दि. २४ मार्च २०२५

चि. सौ. ऋतुजा हिस आशीर्वाद. वि. वि.

सुतक फिटलं, तरी पत्रावर देवाचं नाव लिहायला हात गेला नाही.

दहाव्याला तू जेवायला न थांबता गेलीस. बायका काय बोलत होत्या ते तुझ्या कानावर पडलं, हे मी बघितलं. सुनेनं म्हाताऱ्याला कोरडं ठिवलं, लेकीनं पानी पाजून मोकळं केलं, असं सगळं गाव बोलतंय. वाटेत बायका माझ्या पाया पडतात. मला लाज वाटते.

त्या दिवशी तू गेल्यावर मी पंगतीतच उभी राहून सगळ्यांना सांगितलं, की पाणी ऋतुजाच्या शब्दावर दिलं, आणि महिनोन्‌महिने तिनं त्यांना जगवलं. तर दगडाबाई म्हणाली, बगा, भावजयीला कशी पदराखाली घेती. खरं बोलले तर तेही माझंच पुण्य झालं. पुन्हा पुन्हा सांगत राहीन, पण ही माणसं मानतील असं वाटत नाही.

तुम्ही रविवारी पोचलात तेव्हा आप्पा तापात होते, ओळख नव्हती. तू मला मोरीपाशी गाठून विचारलंस, पिताना काही बोलले का. भोवती माणसं होती म्हणून सांगितलं नाही. आता सांगते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी माठातलं पाणी वाटीत घेऊन बसले. तू लिहिलंस तसं ताठ बसवलं, तोंड पुसलं. चमचा ओठाला लावला, तर त्यांनी ओठ घट्ट मिटले. मला वाटलं, तहानसुद्धा गेली की काय. मी परत पुढं केला, त्यांनी मान फिरवली. मग जड जिभेनं, एकेक अक्षर ओढत म्हणाले, ऋतुजाला इचारलं का?

मी म्हणाले, व्हय आप्पा, तिनंच सांगितलंय.

तेव्हा त्यांनी तोंड उघडलं.

या घराला आणि मला पाठ दाखवू नकोस.

तुझी,
बनाअक्का