पेटवण्याआधी द्यायची हाक

।। श्री बालकृष्ण प्रसन्न ।।

लिहून ठेवणार माणिकबाई भ्रतार कै. उत्तमराव खोडके, धंदा घरकाम, मॅट्रिक पास, राहणार अकोला, मध्यप्रांत व वऱ्हाड. छातीचे दुखणे आहे, पण डोके ठिकाणावर आहे. डॉक्टर ओमप्रकाश यांनी तपासून तसे सांगितले. मला ते आधीच ठाऊक होते. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही. ज्याचा होता तो माझा मुलगा भगवंत आज नागपूरला गेला आहे, म्हणून आजच लिहिते.

कलम १. यात वाटले आहे ते माझे स्त्रीधन व माझ्या नावची मिळकत. आमच्या यजमानांनी पातूरच्या नाल्यावर चुन्याची भट्टी लावली, तेव्हा ती जमीन माझ्या बांगड्या मोडून माझ्याच नावाने घेतली. नाल्यातली चुनखडी भाजायची, विटांच्या भुकटीबरोबर दळायची आणि विकायची, एवढाच धंदा होता. त्यातून आज खोडके सिमेंट कंपनी उभी आहे. अकोल्यापाशी तिची मोठी भट्टी आहे, चिमणी आहे, मालगाडीचा फाटा आहे, आणि पोत्यांवर बैलाचे चित्र आहे. बैल यजमानांनी स्वतः काढला होता. तो गाढवासारखा दिसतो, पण कोणी बदलू नये.

कलम २. पाटल्या व मोहनमाळ मुलगी शालू हिला. ती नांदगाव खंडेश्वरला दिली आहे. तिचे सासरे वामनराव 'मॅट्रिक विहिणीची पोळी कागदासारखी' म्हणाले होते. त्या दिवशी ते सात कागद खाऊन उठले.

कलम ३. माझे चांदीचे निरांजन जाऊबाई सुभद्रा यांनी महालक्ष्म्यांना नेले, ते परत आले नाही. ते त्यांनाच दिले असे समजावे, म्हणजे त्यांना शोधत बसण्याचे नाटक करावे लागणार नाही. माळ्यावर धुऊन ठेवलेली सिमेंटची पोती आहेत. ती गाद्यांखाली घालण्याजोगी आहेत, विकू नयेत.

कलम ४. बंगला भगवंताला. त्याच्या पुढच्या ओट्यावर मी पाय ठेवत नाही, मागल्या दाराने जाते-येते. लोकांना ते सोवळे वाटते. तसे नाही, पुढे लिहिते.

कलम ५. नाल्यावरची जमीन व जुनी भट्टी. भट्टीवर कुर्बान नावाचा कारागीर होता व त्याची बायको हमिदा. थंडीत वाटसरू, कुत्री भट्टीच्या उबेला आत शिरून निजत. म्हणून आमच्याकडे रीत होती. पेटवण्याआधी हमिदा भट्टीच्या तोंडाशी वाकून हाक देई, "आत कोनी हाय का? बोला, आग लागून राहिली." मग लोटाभर पाणी उंबऱ्यावर संथ ओती. लोटा रिकामा होईपर्यंत आवाज आला नाही, तरच आग. उत्तर आले तर आग नाही. यजमान असेपर्यंत ही रीत चुकली नाही.

ते गेल्यावर लढाईच्या मागण्या आल्या आणि कारभार भगवंताकडे गेला. लढाई चालू असतानाच एका माघात कुर्बान भट्टीच्या आतल्या विटा बसवायला उतरला व थकून आतच निजला. हमिदा माहेरी होती. हाक कोण देणार, असे कोणी विचारले तेव्हा भगवंत म्हणाला, "फौजेचा माल अडून राहिला. बोंबा कायच्या मारता? लावा." वरून चुनखडी भरली, खालून आग लावली.

भट्टी उपसली तेव्हा कुर्बानची लोखंडी थापी निघाली. बाकी जे वेगळे ओळखू आले ते हमिदाने ओढणीत बांधून नेले व दफन केले. जे ओळखू आले नाही ते मालाबरोबर दळले गेले. त्या मालातूनच बंगल्याचा पुढचा ओटा झाला. उन्हाळ्यात सगळी फरशी तापते. तो ओटा पावसाळ्यातही कोमट असतो.

पुन्हा भट्टी लावायची तेव्हा मी स्वतः हजर होते. हमिदाने हाक दिली. लोटा अर्धा झाला आणि आतून शब्द आला, "हाय."

भगवंत हसला. "आई, आवाज घुमते भिंतीवर."

मी मॅट्रिकपर्यंत शास्त्र शिकले आहे. प्रतिध्वनी आपलेच बोलणे परत देतो, प्रश्नाला उत्तर देत नाही.

हमिदा म्हणाली, "मालक, उभा जनम त्याले हाक मारली म्या. त्याचा आवाज मले नाई वळखू येनार?"

गड्यांनी लाकडे खाली ठेवली. ती भट्टी पुन्हा पेटली नाही. भगवंताने अकोल्याला मोठी भट्टी बांधली. ती रात्रंदिवस जळते, विझतच नाही, म्हणून तिथे हाकेची वेळच येत नाही. कंपनी वाढली ती अशी.

आता त्याला नाल्यावर दुसरी मोठी भट्टी लावायची आहे. महिनाभर त्या जमिनीचे कागद घेऊन बसतो. "सही कर ना आई, काहून अडून बसली?"

मी म्हटले, "आधी तिथं जाऊन तू हाक दे. उत्तर नाही आलं तर करते सही."

"मी काय चुनेवाला हाओ?" म्हणाला, आणि गेला नाही. मी मात्र दर माघात जाते. हमिदा हाक देते, मी पाणी ओतते. लोटा कधी पुरता रिकामा झालेला नाही.

सबब ती जमीन व भट्टी मी हमिदा हिला कायमची देत आहे. तिथे कंपनीने आग लावू नये. थापी हमिदाने घेतली नाही. "तुमच्याच घरी राहू द्या," म्हणाली. ती भगवंताने देवघरात ठेवावी.

कलम ६. कंपनीतले माझे सर्व हिस्से भगवंताला. तो वाईट नाही, त्याला थांबणे जमत नाही. म्हणून अट घालते. माझे दहन मोर्णा नदीच्या काठी करावे. तेराव्याला गोड करू नये, साखर रेशनची आहे. चिता पेटवण्याआधी भगवंताने चितेशी वाकून, स्वतःच्या तोंडाने, ती हाक द्यावी व लोटा संथ ओतावा. वकील नत्थुजी काळमेघ यांनी ते डोळ्यांनी पाहावे, मगच हिस्से त्याच्या नावे करावेत.

लोटा रिकामा होईपर्यंत उत्तर आले नाही, तर अग्नी द्यावा. आले, तर घाई करू नये. मी बोलू नये अशीच माझी इच्छा आहे. पण त्या वेळी आत मी एकटीच असेन, असे मी आज लिहून देऊ शकत नाही.

हे मी स्वहस्ते लिहिले, वाचले व खालील दोघांदेखत सही केली. हमिदाला जमीन मिळते म्हणून तिची साक्ष चालत नाही, असे वकील म्हणाले. ती मागल्या दाराशी बसून आहे.

सही : माणिकबाई उत्तमराव खोडके

साक्षीदार :
१. डॉ. ओमप्रकाश तिवारी, अकोला
२. गुलाम नबी शेख, शिक्षक, पातूर

मुक्काम अकोला, दिनांक ११ नोव्हेंबर १९४६