सवा तासाची तहान

कोपर गाव, डोंबिवली
चैत्र वद्य पंचमी, सन १९५५

चि. सौ. गोदास आईचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं बरं. म्हैस व्याली, पारडी झाली. तुलाही मुलगीच झाली. मी दोघींच्या नावानं आळीत गूळ वाटला, हसू नको. आनंदाच्या घाईत लिहितेय म्हणून अक्षर वाकडं आलंय, नाहीतर प्रौढांच्या वर्गात बाई माझं अक्षर बरं म्हणतात.

मी नातीला बघायला येते. विमानानं! तुझा चुलतभाऊ रघु सांताक्रूझला विमानात सामान चढवतो ना, तो सांगतो, आगगाडी आखाताला वळसा घालून भावनगरला जाते, त्यात रात्र नि दिवस मोडतो. विमान दर्यावरून सरळ जातं. दोनशे मैलांच्या आत-बाहेर, सवा तास. अगं, बैलगाडीनं शीळफाट्याला जायला याहून जास्त वेळ लागतो.

डिंकाचे लाडू केलेत, अळीव घेतलेत, माझ्या जुन्या लुगड्यांची दुपटी शिवलीत. सुकट आणत नाही, तुझ्या सासूबाई नाक मुरडतील.

तिकिटं दोन काढलीत.

तुझे बाबा येतायत. तू मिठागरावर मीठ तोलणाऱ्या त्या भावनगरच्या तोलाऱ्याशी लग्न केलंस तेव्हा ते काय बोलले, ते तू विसरली नाहीस आणि तेही विसरले नाहीत. त्या घरचं पाणी पिणार नाही म्हणाले होते. आगगाडीनं यायचं म्हणजे तुझ्याकडे मुक्काम आला, म्हणून इतकी वर्षं विषयच नको. परवा रघु जेवायला आला होता, तर त्याला दहादा विचारलं, किती वेळ लागतो म्हणालास? मग मला म्हणाले, "सकाळी जाऊ, पोरीला बघू, संध्याकाळी घरी येऊन पाणी पिऊ."

तेव्हापासून सराव चाललाय. दिवसभर उन्हात मिठागराच्या बांधावर फिरतात, तांब्याला शिवत नाहीत. दिवेलागणीला सगळा तांब्या एकदम घशात ओततात. या वयात हे बघवत नाही गं.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. ते विमान त्या दिवशी परत येत नाही, दुसऱ्या सकाळी येतं. जायला किती वेळ ते यांनी विचारलं, यायचं कधी ते विचारलंच नाही. रघुला मी शपथ घातलीय. तिथं कळल्यावर काय करतील, धर्मशाळा शोधतील की रात्रभर तुझ्या ओटीवर कोरड्या घशानं बसून राहतील, मला ठाऊक नाही.

दिवस मात्र मी मुद्दाम अक्षय तृतीयेचा धरलाय. त्या दिवशी भरला घडा समोर असताना तहानेलं राहिलं तर पितर तहानेले राहतात, हे त्यांचंच बोलणं. तू नवा माठ आण, भरून ओटीवर ठेव. त्यांना पाणी विचारू नको, रडू नको, जावईबापूंनाही आग्रह करू देऊ नको. फक्त नातीला त्यांच्या मांडीवर ठेव आणि आत निघून जा. मी दाराशी बसेन.

ते पितील तेव्हाच मीही पिईन. तोवर तहानेली,
तुझी आई
ठमाबाई